अल्बनी, पिकॅडिली : हवेलीचे फ्लॅट करावेत तर असे

लंडनच्या पिकॅडिलीवर, बर्लिंग्टन हाऊसच्या शेजारी, अंगणामागे जरा आत सरकून एक तपकिरी विटांची तीन मजली हवेली उभी आहे. रस्त्यानं जाणाऱ्याचं लक्ष तिच्याकडे सहसा जात नाही, आणि ते तिच्या पथ्यावरच पडलं आहे. विल्यम चेंबर्स यांनी १७७०च्या दशकात ती लॉर्ड मेलबर्नसाठी बांधली. १७९१ साली घरांच्या अदलाबदलीत ती ड्यूक ऑफ यॉर्क अँड अल्बनी या राजपुत्राकडे गेली. पुढे तो कर्जात रुतला आणि १८०२ मध्ये घर हातचं गेलं. तिथून पुढचं काम आर्किटेक्ट हेन्री हॉलंड यांचं : एका हवेलीची, सड्या पुरुषांसाठी ६९ स्वतंत्र बिऱ्हाडं, म्हणजे इथल्या भाषेत ‘सेट’.

राहण्याची वास्तू म्हणून अल्बनी आजही उजवी ठरते ती एका निर्णयामुळे. हॉलंड यांनी ६९ बिऱ्हाडं हवेलीत कोंबली नाहीत. मागच्या बागेत, थेट व्हिगो स्ट्रीटपर्यंत, दोन लांबलचक समांतर इमारती उभ्या केल्या. दोन्हींच्या मधून बारीक खांबांवर पेललेल्या छपराखालची वाट नेली. तिचं नाव रोप वॉक. पाऊस असो वा बर्फ, हवेलीपासून थेट सॅव्हिल रो या रस्त्याच्या तोंडापर्यंत माणूस कोरडा पोचतो. या वाटेवरून ठरावीक अंतरावर जिने चढतात, जिन्यांना अक्षरं आणि दारांना आकडे. सेटची मूळ रचनाही साधी : प्रवेशाची छोटी जागा, दोन मोठ्या खोल्या, एक लहान खोली.

विभागणी आडवी न करता उभी, जिन्यांनुसार केली, म्हणून प्रत्येक जिन्यावर मोजकीच दारं येतात. लांब कॉरिडॉर लागत नाही. कॉरिडॉर नुसती जागा खात नाही, एकाच्या दाराचा आवाज दहा घरांत पोचवतो आणि आग लागली तर धुराची वाटही तोच होतो. विसाव्या शतकात ज्या इंग्लिश हवेल्यांचे फ्लॅट झाले, त्यांतले फसलेले बहुतेक इथंच फसले : मजल्यामागून मजला आडवा कापला आणि मधून बोळ काढला.

अशी कापाकापी ओळखायची युक्ती सोपी आहे. खोलीत शिरल्यावर वर बघा. छताच्या कडेची प्लास्टरची नक्षीपट्टी तीन भिंतींवर असेल आणि चौथी भिंत कोरी असेल, तर ते मोठ्या दालनाचं अर्धुक आहे. खिडकी भिंतीच्या मधोमध न येता कोपऱ्याला चिकटली असेल, तर खात्रीच समजा. छत साडेचार मीटर उंच आणि खोली अडीच मीटर रुंद, असलं प्रमाण ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल. विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं.

खरी पंचाईत स्वयंपाकघर आणि बाथरूमची. हॉलंड यांच्या काळी जेवण-अंघोळीची सोय बहुतांशी घराबाहेर किंवा नोकरामार्फत व्हायची, त्यामुळे सेटमध्ये आजच्या अर्थानं किचन नव्हतं. नंतर घातलेली किचनं लहानच असणार. त्यात जॉर्जियन, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, इमारतीत पाइप फिरवणं म्हणजे गणित. संडासाचा ११० मिलिमीटरचा पाइप मीटरमागे साधारण २५ मिलिमीटर उतरवावा लागतो, म्हणजे चार मीटरला १०० मिलिमीटर. खालच्या लाकडी तुळया समजा २२५ मिलिमीटर उंच असल्या, तरी त्यांना वरून खाच पाडता येते ती त्या उंचीच्या आठव्या भागाएवढी, म्हणजे जेमतेम २८ मिलिमीटर, आणि तीही आधाराच्या टोकांजवळच. पाइप तुळयांना समांतरच न्यावा लागतो, आडवा जातच नाही. म्हणून ओल्या खोल्या, म्हणजे किचन-बाथरूम, एकाखाली एक असलेला फ्लॅट घ्यावा. मैला दळून पंपानं ढकलणारं यंत्र बसवलं असेल, तर रात्री दोनला त्याची घरघर ऐकायची तयारी ठेवा.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर : जुन्या फळ्यांच्या जमिनीखाली, तुळयांमध्ये राख, वाळू किंवा चुनखडीचा भराव असतो. तो वजनदार भरावच वरच्याचं बोलणं अडवतो. वायरिंग करणारे कचरा समजून तो उपसून टाकतात, आणि मग खालच्याला वरच्याचा फोनही ऐकू येतो. इंग्लंडच्या २००३च्या नियमांनुसार रूपांतरित घरात दोन बिऱ्हाडांमध्ये हवेतला आवाज निदान ४३ डेसिबल अडला पाहिजे. पावलांचा आवाज ६४ डेसिबलच्या वर जाता कामा नये. ऐतिहासिक वास्तूला यात सवलत मिळू शकते, पण चाचणीचा निकाल मागायला काहीच हरकत नाही.

उभ्या सरकत्या खिडक्या, म्हणजे सॅश, वर-खाली करून बघाव्यात. अडकल्या तर बहुधा रंगाचे थर साचलेले असतात. धप्पकन खाली आल्या तर खिडकीचा तोल सांभाळणाऱ्या लोखंडी वजनाची दोरी तुटलेली असते आणि ते वजन चौकटीच्या पोकळीत पडलेलं असतं. दोन्ही दुरुस्त्या सुतार करतो, खिडकी बदलायची गरज नसते. रहदारीचा त्रास असेल तर आतून दुसरी काच लावतात; दोन काचांत १०० मिलिमीटर तरी अंतर हवं, त्याहून कमी ठेवलं तर थंडी अडते, बस अडत नाही. बंद केलेल्या फायरप्लेसला खाली आणि धुराड्याच्या माथ्यावर झरोका असावा, नाहीतर काजळीतले क्षार ओलाव्याबरोबर भिंतीवर तपकिरी डाग काढतात. त्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आतच कोंडते. तिथं चुनाच हवा.

वस्ती कोणाची, हेही सांगायला हवं. कवी बायरन आणि पुढे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन इथं राहिले; आपल्या शिक्षणपद्धतीमुळे आणि दंडसंहितेमुळे ज्याचं नाव आपण अजून घेतो तो मेकॉले, भारतातून परतल्यावर १८४१ ते १८५६ इथंच राहिला. इंग्लंडच्या इतिहासाचा बराचसा भाग त्यानं इथंच लिहिला. नियमांचा काच मात्र आहे : कारभार विश्वस्त मंडळाकडे, नव्या भाडेकरूची छाननी होते, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना राहायला मनाई. कुटुंबकबिला असेल तर हा पत्ता यादीतून काढा. सुमारे निम्मे सेट केंब्रिजच्या पीटरहाऊस कॉलेजच्या मालकीचे आहेत, त्यामुळे विक्रीला फारसे येतही नाहीत.

अल्बनी ही ग्रेड वन, म्हणजे जतन करायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत सर्वांत वरच्या श्रेणीतली, वास्तू आहे. अशा कुठल्याही घरात विनापरवाना भिंत पाडली किंवा फायरप्लेस काढली, तर तो १९९०च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा होतो. शिवाय पूर्ववत करून देण्याचा आदेश आजच्या मालकावर येतो, मोडतोड आधीच्यानं केलेली असली तरी. म्हणून करारापूर्वी वकिलामार्फत प्रत्येक बदलाचा मंजुरीचा कागद आणि सोबतचा नकाशा मागवा, आणि तो नकाशा हातात घेऊन खोल्या पुन्हा एकदा फिरून बघा.