मॉन्सल ट्रेल : सपाट वाट, पण सुरुवात नीट निवडा

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये बेकवेल ते ब्लॅकवेल मिल अशी साधारण १३.७ किलोमीटरची ही वाट म्हणजे मिडलंड रेल्वेचा जुना मार्ग. रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. आपला बोरघाटही त्याच वर्षी खुला झाला, पण बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे आणि इथे साधारण शंभराला एक. म्हणजे चालताना चढ जाणवतच नाही, सायकलवर थोडा जाणवतो. १९६८ मध्ये गाड्या बंद झाल्या, पुढे रुळांच्या जागी बारीक खडी दाबून बसवली आणि पायवाट झाली. लांबचे चार बोगदे मात्र २०११ पर्यंत बंदच होते. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांत या बोगद्यांपाशी वाट सोडून टेकडी चढायला सांगितलेलं असतं. तसली माहिती हाती असेल तर ती बाजूला ठेवा, आता सहाही बोगद्यांतून सरळ जाता येतं.

मँचेस्टर, शेफील्ड किंवा डर्बीहून दिवसभरात जाऊन येण्यासारखी ही जागा. भारतातून आलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या आई-बाबांना घेऊन जायला तर हिच्याइतकी सोयीची दुसरी वाट या भागात शोधावी लागेल. वाटेला तिकीट नाही, पैसे लागतात ते पार्किंगचे. फसगत होते ती चालताना नव्हे, सुरुवातीची जागा निवडताना.

फोटोत सगळीकडे दिसणारा पाच कमानींचा हेडस्टोन पूल मॉन्सल हेड नावाच्या टेकडीवरून सुरेख दिसतो. म्हणून लोक नकाशात मॉन्सल हेड टाकून तिथेच गाडी लावतात. पण ट्रेल खाली आहे आणि उतरायची वाट तीव्र उताराची, पायऱ्यांची. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर इथून सुरुवात करूच नका. उतरताना एकवेळ जमेल, दिवस संपताना परत चढायचं आहे. मॉन्सल हेडला वरून दृश्य बघण्यासाठी वेगळं थांबावं, तेही गाडीनेच.

लहान मुलं असतील तर हसॉप स्टेशनवरून निघा. जुन्या स्टेशनच्या इमारतीत कॅफे आहे, स्वच्छतागृह आहे, सायकली भाड्याने मिळतात. मुलांसाठी मागे जोडायच्या गाड्याही मिळतात, सुट्टीच्या दिवशी आधी नोंदवून ठेवलेल्या बऱ्या. इथून हेडस्टोन पूल साधारण चार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ. पहिले दोन-अडीच किलोमीटर खरं सांगायचं तर कंटाळवाणे : शेतं, कुंपणं, झाडी. मुलं ‘अजून किती’ विचारणार, खाऊची पहिली पुडी इथेच फोडावी. मग हेडस्टोन बोगदा येतो. सहांतला हाच सर्वांत लांब, ४८७ मीटर. त्यातून बाहेर पडलं की थेट पुलावर पाऊल पडतं आणि खाली वाय नदीचं वळण. अंधारातून एकदम उजेडात आणि उंचावर येण्याची ही मजा उलट दिशेने मिळत नाही, म्हणून हसॉपचं पारडं जड. गंमत म्हणजे याच पुलाने दरीचा नाश केला म्हणून लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किनने आगपाखड केली होती, आणि आज तोच पूल संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे.

नऊ-दहा किलोमीटर चालणारी मंडळी असतील तर मिलर्स डेलचं जुनं स्टेशन चांगलं. पूल इथून पाच किलोमीटरच्या थोडा आत, मध्ये लिटन आणि क्रेसब्रुक हे दोन बोगदे. या दोघांच्या मधला उघडा तुकडा संपूर्ण ट्रेलमधला सर्वांत देखणा : चुनखडीचे कडे आणि खूप खाली नदी. डबा खायला इथेच थांबा, पण वाटेच्या कडेला सरकून, कारण सायकली वेगाने येतात. स्टेशनजवळच्या जुन्या चुनाभट्ट्याही बघण्यासारख्या आहेत. अडचण पार्किंगची. जागा मोजकी, रविवारी सकाळी दहाच्या आत पोचलात तर ठीक. मिलर्स डेलवरून नदीकाठाने चि डेल या दरीकडे जाणारी पायवाट वेगळी आहे. तिच्यात पाण्यातल्या दगडांवरून चालावं लागतं आणि पाऊस झाला की दगड पाण्याखाली जातात. मुलांसोबत वरच्या रेल्वेच्या वाटेवरच राहा.

बोगद्यांत दिवे आहेत, पण मंद, आणि अंधार पडायच्या सुमारास ते बंद होतात. डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो, तेव्हा दुपारी दोननंतर लांबचा पल्ला धरू नये. जवळ टॉर्च असू द्या. आत छतातून पाणी ठिबकतं आणि ऐन जुलैतही गारवा असतो, म्हणून बाबागाडीतल्या बाळासाठी टोपी आणि पातळ जॅकेट हाताशी हवं. गॉगल काढूनच आत शिरा. उन्हातून आल्यावर पहिली पन्नासेक पावलं डोळ्यांना काही दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच समोरून सायकल येते. मुलांना डाव्या कडेला, भिंतीच्या बाजूने चालवा. घोडेही याच वाटेने जातात, घोडा दिसला की ओरडायचं नाही एवढं आधीच बजावून ठेवा.

हसॉप ते मिलर्स डेल या पट्ट्यात प्रत्यक्ष वाटेवर स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नका, निघण्याआधीच जाऊन या. दरीत मोबाइलची रेंजही मध्येच जाते, त्यामुळे दोन गट करून चालणार असाल तर भेटायची जागा तोंडी ठरवा.

गाडी नसेल तर डर्बी-बक्स्टन मार्गावरची ट्रान्सपीक बस बेकवेलला सोडते. मात्र बेकवेलचं जुनं स्टेशन गावाबाहेर चढावर आहे. दिवसभरातला खरा चढ हाच, दहा-पंधरा मिनिटांचा. परतताना तो उतार होतो आणि खाली गावात बेकवेल पुडिंग हा गोड पदार्थ मिळतो. त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी घेण्याआधी लक्षात ठेवावं.