हायवेवरचं 'खान्देशी एक्सपिरिअन्स', भरीत राहू द्या पण मांडे खाच

हॉटेलचं नाव टाकत नाही, जळगावच्या अलीकडे हायवेला लागूनच आहे, बाहेर मोठा बोर्ड 'खान्देशी व्हिलेज एक्सपिरिअन्स फक्त 399'. म्हणजे काय तर फेटा बांधतात, बैलगाडीत फोटो काढून देतात, खाटेवर बसवतात आणि मग थाळी. येणारी निम्मी गर्दी तर आपल्याच गावांची, ज्यांच्या खळ्यात आजही गाडी उभी आहे त्यांना हे काय दाखवता भो.

भरीत निराशा. वांगी आपलीच होती, ती हिरवी मोठी, जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय ना तीच, पण भाजली गॅसवर. कपाशीच्या काड्यांचा धूर नाही म्हणजे वास नाहीच, त्यात मिक्सरमधून फिरवलेलं आणि वरून टमाटा!! खरं भरीत म्हणजे हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे टाकून कुटायचं, संपलं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी ठीक. शेवभाजी नुसती तिखट, काळ्या मसाल्याचा पत्ता नाही.

आता मांडे. मागच्या बाजूला एक मावशी बसतात, पुरण भरलेला उंडा घेतात, हातावरच फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवतात आणि पालथ्या खापरावर अलगद टाकतात, कुठे फाटत नाही की पुरण बाहेर येत नाही, आणि हे सगळं शेजारणीशी गप्पा मारत. 'आखो एक देऊ का' विचारलं तर नाही म्हणवलंच नाही, दूध-तूप घेऊन खाल्ले, सोबत रशी (कटाची आमटी) पण मस्त.

काउंटरवर कागद चिकटवलाय, वेटर पाहिजे, एक्सपिरिअन्स किमान 2 वर्षं. बिल दिल्यावर क्यूआर स्कॅन करायला लावतात, तुमचा एक्सपिरिअन्स कसा होता, त्यात डेकोरेशन, स्वच्छता, स्टाफची वागणूक सगळ्याला स्टार द्यायचे, स्वयंपाक कोणी केला त्याचा रकानाच नाही. मी डेकोरेशनच्या रकान्यात मावशींना 5 देऊन आलो, कोणी वाचलं तर वाचलं.

399 वालं पॅकेज घेऊ नका, मांडे सुटे पण मिळतात, विचारावं लागतं कारण मेनूत लिहिलेलेच नाहीत. दुपारीच जा, मावशी संध्याकाळी नसतात आणि मग तव्यावरची साधी पुरणपोळी मांडे म्हणून देतात. पार्किंग भरपूर.