झोटेरो : काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्यतः कॅपिटल अक्षरांविषयी

झोटेरो हे संदर्भ-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, म्हणजे लेखांच्या नोंदी साठवून त्यांतून शोधनिबंधाची संदर्भसूची आपोआप तयार करणारे. याहून अधिक प्राथमिक ओळख येथे देत नाही. हे लिहिण्यास निमित्त झाले ते एका नियतकालिकाच्या पत्राचे. आमचा शोधनिबंध त्यांनी परीक्षकांकडे न पाठवता तांत्रिक तपासणीतूनच परत केला, कारण संदर्भसूचीतील इंग्रजी शीर्षके एकसारखी नव्हती. काही शीर्षकांत प्रत्येक मुख्य शब्दाचे आद्याक्षर कॅपिटल होते, तर काहींत केवळ पहिल्या शब्दाचे. निबंधाच्या आशयाबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हते.

याच हस्तलिखिताने त्याआधी मला सुखद धक्का दिला होता, हेही नोंदवले पाहिजे. पहिल्या नियतकालिकाला एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संस्थेची संदर्भ देण्याची लेखक-वर्ष पद्धत, तीही 2019 साली आलेल्या सातव्या आवृत्तीप्रमाणे, हवी होती. तिथून नकार आल्यावर ज्या दुसऱ्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा होता, ते व्हँकूव्हर पद्धतीचे, म्हणजे मजकुरात लेखकाच्या नावाऐवजी येणारे, क्रमांक मागत होते. एपीएच्या सूचीत वीसपर्यंत लेखक असतील तर सगळ्यांची नावे द्यावी लागतात. या नियतकालिकाला सहा नावांनंतर 'एट अल.' (आणि इतर) हवे होते, शिवाय नियतकालिकांची नावे संक्षिप्त रूपात आणि सूची वर्णानुक्रमाऐवजी मजकुरातील उल्लेखांच्या क्रमाने. हे सारे हाताने बदलायचे म्हणजे काही संध्याकाळी हमखास जाणार. प्रत्यक्षात वर्डमधील झोटेरोच्या प्लगइनच्या (जोड-सुविधेच्या) 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये शैली बदलली, मेडलाइन या वैद्यकीय लेखसूचीतील नियतकालिकांची संक्षिप्त नावे वापरण्याच्या पर्यायावर खूण केली आणि चहा थंड होण्याआधी काम झाले. तिसऱ्या परिच्छेदात नवा संदर्भ घातला की पुढचे सर्व क्रमांक आपोआप सरकतात, यासाठी तरी या सॉफ्टवेअरचे आभार मानावेत.

मग शीर्षके का बिघडली? माझा पहिला राग झोटेरोवरच होता. स्वल्पविराम, कंस, तिरपी अक्षरे, खंड आणि पृष्ठे यांची इतकी बारीक काळजी घेणाऱ्या प्रणालीला 'लेखाच्या शीर्षकात फक्त पहिले अक्षर कॅपिटल' हा एक नियम लावता येऊ नये, हे मला अक्षम्य वाटत होते. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक, टाकला की लेखाचा तपशील प्रकाशकांनी क्रॉसरेफ या नोंदणी-संस्थेकडे जमा केलेल्या नोंदीतून येतो, आणि प्रत्येक प्रकाशकाची सवय निराळी. एखाद्या जुन्या अंकातील लेखाचे शीर्षक तर संपूर्ण कॅपिटल अक्षरांत येते. झोटेरो ते जसेच्या तसे ठेवते आणि सूचीतही जसेच्या तसे छापते.

जरा खोलात गेल्यावर मात्र मत बदलले. लहान अक्षरांतील शीर्षकाचे मोठ्या आद्याक्षरांत रूपांतर करणे यंत्राला बरेचसे जमते, कारण त्यासाठी ठरावीक लहान शब्द वगळले की पुरते. ज्या शैलींना तसे हवे असते तिथे झोटेरो ते रूपांतर स्वतः करते. उलट दिशेने जाताना मात्र माहिती आधीच गेलेली असते. सगळी आद्याक्षरे कॅपिटल असतील तर 'टर्की' हा देश की पक्षी, 'मार्च' हा महिना की मोर्चा, हे शीर्षकातून कळत नाही. रोगाच्या नावातील पार्किन्सन, संख्याशास्त्रीय पद्धतीच्या नावातील बेझ किंवा 'डीएनए' ही अक्षरे लहान केली, तर सूची आधीपेक्षा वाईट दिसेल. म्हणून झोटेरोची शिफारस अशी की ग्रंथालयात, म्हणजे झोटेरोतील आपल्या नोंदींच्या संग्रहात, शीर्षक नेहमी वाक्यासारखे (फक्त पहिला शब्द आणि विशेषनामे कॅपिटल) साठवावे, म्हणजे दोन्ही प्रकारच्या शैली त्यातून निघू शकतात. ही भूमिका तर्काला धरून आहे, आणि माझा राग प्रकाशकांच्या निष्काळजी नोंदींकडे वळला.

तरीही गैरसोय संपत नाही. शीर्षकावर उजवे क्लिक करून ते वाक्यासारखे करण्याची सोय आहे, पण त्यानंतर विशेषनामांवर नजर टाकावीच लागते. प्रजातीचे नाव तिरपे हवे असेल तर शीर्षकातच खुणा लिहाव्या लागतात. आणि हे सारे ग्रंथालयातच करायचे. वर्डमधील सूचीत हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या 'रिफ्रेश'ला बिनबोभाट पुसली जाते. घाईत असलेले सहलेखक नेमके तेच करतात.

लेखकांच्या नावांचा घोळ त्या मानाने लवकर सुटतो. संस्थेचे नाव एकाच रकान्यात टाकले नाही तर जागतिक आरोग्य संघटना सूचीत 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' या नावाची व्यक्ती होऊन बसते. मजकुरात एखाद्याच लेखकाच्या आडनावापुढे अचानक आद्याक्षरे उगवली, तर समजावे की तीच व्यक्ती ग्रंथालयात एकदा पूर्ण नावाने आणि एकदा आद्याक्षरांनी नोंदलेली आहे. एपीए त्यांना दोन भिन्न माणसे समजून वेगळे करू पाहते. नोंदी एकसारख्या केल्या की आद्याक्षरे जातात.

सहलेखकांबरोबरच्या देवाणघेवाणीत एक खबरदारी अनिवार्य आहे. वर्डमधील फाइल कुणी थेट गूगल डॉक्समध्ये उघडली की संदर्भांमागचे दुवे तुटतात आणि उरतो तो साधा मजकूर. त्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये 'दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जाण्याचा' स्वतंत्र पर्याय आहे, तो वापरूनच फाइल हलवावी. दुवे मुद्दाम काढून अंतिम प्रत पाठवायची असेल, तर दुवे असलेली प्रत आधी वेगळी जपून ठेवावी. लांब हस्तलिखितात प्रत्येक संदर्भ घालताना वर्ड रेंगाळत असेल तर स्वयंचलित अद्ययावतीकरण बंद करावे. प्रलंबित संदर्भ तुटक अधोरेषेने दिसतात आणि शेवटी एकदाच 'रिफ्रेश' करता येते.

मागे घेतलेल्या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीशी 2019 पासून असलेली जोडणी ही मला न मागता मिळालेली भेट वाटते. मागे घेतलेला शोधनिबंध ग्रंथालयात असेल तर त्यावर लाल पट्टी येते, आणि तो उद्धृत करू गेल्यास सूचनाही मिळते. परीक्षकाने दाखवून देण्यापेक्षा हे बरे.

खर्चाचे म्हणाल तर सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे. मोफत साठवण 300 एमबी मिळते आणि पीडीएफ जोडू लागलो की ती भराभर संपते. पण ही मर्यादा फाइलींना आहे, संदर्भांच्या नोंदींना नाही. मी फाइली स्वतःच्या वेबडीएव्ही जागेवर (इंटरनेटवरील वेगळ्या साठवणीत) ठेवल्या आणि नोंदी झोटेरोच्या सर्व्हरवर राहू दिल्या, त्यामुळे आजवर एक पैसाही द्यावा लागलेला नाही. दरवर्षी वर्गणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरकडे यासाठी परत जाण्याचे मला कारण दिसत नाही, कारण प्रकाशकांकडून येणारी शीर्षके तिथेही तीच असतात.

पूर्ण गुण मात्र मी अजून देणार नाही. दुहेरी नोंदी वेगळ्या काढून दाखवणारा विभाग झोटेरोत आहेच. त्याच धर्तीवर, ज्या शीर्षकांत जवळजवळ प्रत्येक शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होतो अशा नोंदींची यादी एका ठिकाणी दाखवणे अवघड नसावे. दुरुस्ती माणसाने करावी, पण शंकास्पद शीर्षके शोधून काढण्याचे काम यंत्राला नक्कीच जमण्यासारखे आहे, आणि तांत्रिक तपासणी करणाऱ्या कार्यालयांच्या आधी ते माझ्या नजरेस पडले तर मला पुरेल.