हॉस्पिटलच्या नव्या प्रशासकीय इमारतीत नऊ महिने

आमच्या हॉस्पिटलची ही चार मजली इमारत पाडव्याला सुरू झाली. बिलिंग, अकाउंट्स, एचआर, विमा असं सगळं इकडे आलं आणि रस्त्यापलीकडच्या मुख्य इमारतीतल्या खोल्या खाटांसाठी मोकळ्या झाल्या. निर्णय योग्यच होता. मी विमा आणि योजना विभागात आहे. कुठे अशी इमारत बांधायचं चाललं असेल, तर नऊ महिन्यांचा अनुभव उपयोगी पडेल.

जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं पश्चिमेला घेतल्यामुळे दुपारचं ऊन तिथेच अडतं. एप्रिलमध्येही आम्हाला पडदे ओढावे लागले नाहीत. रेकॉर्ड रूम आधी तिसऱ्या मजल्यावर दाखवली होती, ती इंजिनिअरनी हट्टाने तळमजल्यावर आणली. साध्या ऑफिसचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 250 किलो भार धरून करतात, फायलींच्या खोलीला 500 धरावा लागतो. केसपेपर किमान 3 वर्षं ठेवायचे, एमएलसीचे, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित पेशंटचे, तर केस संपेपर्यंत. कॉम्प्युटर आले तरी आमची कपाटं भरतच आहेत.

खरी चूक झाली ती आमच्या विभागाची. ‘या इमारतीत पेशंट येणार नाही’ असं धरून आम्हाला दुसऱ्या मजल्यावर बसवलं. पेशंट येत नाही हे खरं, पण नातेवाईक दिवसभर येतात. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, एखादी राहिलेली झेरॉक्स. जुलैत एक आजी भर पावसात रस्ता ओलांडून आल्या. रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात धरलेलं. त्यावर नाव जुळेना, म्हणून त्यांना परत वॉर्डात पाठवावं लागलं. म्हणाल्या, "तिकडं म्हंत्यात हितं जा, हितं म्हंता तिकडं. पेशंटापाशी कुनीच न्हाई, ताई." मला तेव्हा काही उत्तर देता आलं नाही. कॅशलेसचंही तेच. डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने 3 तासांत द्यावी, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, 2024 पासूनचा नियम आहे. पण कंपनीकडून क्वेरी, म्हणजे काही शंका, आली की डॉक्टरांच्या सहीसाठी फाइल पुन्हा रस्ता ओलांडते, आणि पेशंट कपडे बदलून खाटेवर बसून असतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. नातेवाईकांशी बोलायच्या खोल्यांची पार्टिशनं फॉल्स सीलिंगपर्यंतच होती. एका बाईंना मी नवऱ्याच्या केमोची मंजुरी नाकारल्याचं सांगत होते, ते बाहेर रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. बाई बाहेर आल्या तेव्हा रांगेतली माणसं खाली बघत होती. असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. ऑक्टोबरमध्ये एका खोलीचं पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत नेलं, आत आवाज शोषणारी रॉकवूल भरली. आता बाहेर नुसती पुटपुट येते. उरलेल्या दोन खोल्यांचं काम मंजूर आहे, पण सुरू झालेलं नाही.

दिवाळीनंतर आमची दोन टेबलं मुख्य इमारतीत, बिलिंगच्या खिडकीशेजारी हलवली. माझी पाळी सोमवारी आणि गुरुवारी असते. वॉर्डातून माणूस खाली उतरला की समोर मीच. तिथे प्रिंटर मात्र अजून मिळालेला नाही.