साडेसात हजारांचा प्रोजेक्टर आणि मेबल नॉर्मंड

नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून हा प्रोजेक्टर आणला. खोक्यावर मोठ्ठं ‘फोर-के’ छापलंय, त्याकडे लक्ष देऊ नका. आतला पॅनल ७२०पीचाच, म्हणजे फोर-केपेक्षा खूपच कमी बारकावे दाखवणारा आहे. दुपारी पडदे ओढले तरी भिंतीवर नुसतं पांढुरकं दिसतं. स्पीकर फाटका. तरी चार तारे देतोय, कारण आम्ही यावर मूकपट बघतो.

आत्याला ऐकू कमी येतं, त्यातून हे सुरू झालं. मे महिन्यात गच्ची नऊनंतरच बसण्यासारखी होते, तेव्हा पेनड्राइव्ह लावायचा. इंटरनेट आर्काइव्हवर हे जुने चित्रपट फुकट मिळतात. पोरांना चॅप्लिन हवा असतो. पण १९१४ साली तो अमेरिकेतल्या कीस्टोन या विनोदी चित्रपटांच्या स्टुडिओत नवखा होता आणि नटी मेबल नॉर्मंड तिथली स्टार. वर स्वतः दिग्दर्शनही करायची. ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकॅमेंट’ तिनंच दिग्दर्शित केलाय. ढगळ पँट, छोटी टोपी, काठी हा अवतार घेऊन चॅप्लिन कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा उभा राहिला तो याच चित्रपटासाठी. त्यात कुत्र्याशी खेळता खेळता मेबल पायजम्यातच हॉटेलातल्या खोलीबाहेर अडकते आणि समोरच्याच्या पलंगाखाली लपते. आत्या म्हणाली, “पोट्टी लयच आगाऊ आहे बा!”

इथे प्रोजेक्टर पास. गंमत हातापायांत आहे, चित्र थोडं फिकं असलं तरी चालून जातं. माणसं फारच तुरुतुरु पळत असतील तर प्लेअरचा स्पीड ०.७५ करा, तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, आजच्या वेगानं लावलं की सगळेच घाईत दिसतात.

‘मिकी’ला मात्र नापास. १९१८चा हा मोठा चित्रपट, मेबलच्याच नावाच्या कंपनीचा. यात ती नुसती पडत-धडपडत नाही, एकेका नजरेनं हसवते. आणि अंधाऱ्या खोलीतली तीच नजर या मशीनवर राखाडी होऊन जाते. मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्यांची कोपऱ्यातली अक्षरंही पुसट.

मेबलचं पुढे काय झालं ते मी घरच्यांना थोडक्यात सांगितलं. १९२२ मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला. त्या संध्याकाळी ती त्याच्याकडे जाऊन आली होती. आरोप तिच्यावर ठेवला गेला नाही, पण वर्तमानपत्रांनी सोडलं नाही. १९३० मध्ये क्षयानं गेली.

फॅन कूलरसारखा घरघरतो. मूकपटाला काय फरक पडतो! घेणार असाल तर दुकानातच एखादा काळा-पांढरा चित्रपट लावायला सांगा. रंगीत गाण्यावर सगळेच प्रोजेक्टर झकास दिसतात.