नवा कॉम्प्रेसर घ्यायचा की जुनाच उघडायचा? दुरुस्तीनंतरचे आठ महिने

चिपळूणला घराच्या पडवीत आमची छोटी चित्रशाळा आहे. साठ-सत्तर शाडूचे गणपती, तेही ठरलेल्या घरांचे. रंगाच्या फवारणी-गनला दाबाची हवा लागते, त्यासाठी 2016 साली 1 एचपीचा, 45 लिटर टाकीचा, बेल्टवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर घेतला. एरवी त्याला काम म्हणजे स्कूटरच्या चाकात हवा भरणं. 22 जुलै 2021 च्या पुरात तो बुडाला. टाकीत हवा असल्यामुळे बहुतेक तरंगलाही असणार, कारण पाणी ओसरल्यावर पडवीच्या भलत्याच कोपऱ्यात आडवा सापडला. मोटर रिवाइंड करून घेतली, चिखल धुतला आणि पुढची चार वर्षं तो मुकाट चालला.

गेल्या आषाढात, ऐन बॉडी कलरच्या वेळी त्याने मान टाकली. आधी टाकी भरायला वेळ लागायला लागला. मग दाबाचा काटा 5 बारच्या पुढे सरकेना. मोटर थांबली की प्रेशर स्विचच्या (दाब पुरा झाला की मोटर बंद करणारा स्विच) बारीक नळीतून फुस्स आवाज यायचा आणि तो थांबतच नव्हता. वर गणपतीच्या पोटावर रंग धरेना, गोल गोल डाग पडायचे. हवेतून तेल येत होतं. गणपती 27 ऑगस्टला, म्हणजे हातात दीड महिना.

दुकानदाराने सरळ सांगितलं, "नऊ वर्षं वापरलात, आता नवीन न्या." ऑइल-फ्री, म्हणजे पिस्टनला तेल न लागणारा, 50 लिटरचा साडेअकरा हजार, माझ्यासारखाच बेल्टचा वीस हजारांच्या वर. घरी ही म्हणाली, घेऊन टाका एकदाचा. मीही पैसे काढून ठेवले होते.

पण आमच्या मिस्त्रींनी आधी घड्याळ लावायला सांगितलं. टाकी पूर्ण रिकामी करून सुरू करायची आणि 8 बारला, म्हणजे पूर्ण भरायला, किती मिनिटं लागतात ते बघायचं. 45 लिटरच्या टाकीत 8 बार म्हणजे बाहेरची 360 लिटर हवा कोंबायची. नवा होता तेव्हा त्याला साधारण साडेचार मिनिटं लागत. आता चौदा मिनिटांनीही 5 बारच. म्हणजे मोटर फिरतेय, पण हेडमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरच्या भागात, हवा नीट दाबलीच जात नाहीये. हेड उघडलं तर व्हॉल्व्ह प्लेटवर काळा थर, हवा आत-बाहेर सोडणारी एक पत्ती तुटलेली आणि पिस्टनच्या रिंगा गुळगुळीत. ती फुसफूस मात्र एनआरव्हीची, म्हणजे टाकीतली हवा मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची होती. टाकीतली हवा उलटी फिरून स्विचमधून निघून जात होती. रिंगा, पत्त्या, गॅस्केट, एनआरव्ही, तेल आणि मजुरी मिळून 2,950 रुपये.

तरी मिस्त्री लगेच हो म्हणाले नाहीत. "काका, वरचं सगळं मिळतं. टाकी कशी आहे ते आधी बघू." खालचा ड्रेन कॉक, म्हणजे साचलेलं पाणी काढायची तोटी, उघडला तर चहासारखं लाल पाणी आलं, म्हणजे आत गंज. तेव्हा पोटात गोळा आला. आमच्याकडे पावसाळ्यात टाकीच्या एका भरण्याला चमचा-दीड चमचा पाणी साचतं, आणि मी ते रोज काढत नव्हतो. खरं सांगायचं तर महिन्यातून एकदा, आठवण झाली तर.

चिपळूणजवळच्या खेर्डी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये टाकीची पाण्याची टेस्ट केली. टाकी काठोकाठ पाण्याने भरतात, मग हातपंपाने दाब चढवतात, चालू दाबाच्या दीडपट, म्हणजे 12 बार. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फाटलीच तर चिरेतून पिचकारी उडते, स्फोट होत नाही. अर्धा तास काटा हलला नाही. खालच्या वेल्डिंगच्या रेषेवर बोट फिरवून पाहिलं, कोरडी. तिथे नुसता घाम जरी दिसला असता तरी मी त्याच दिवशी नवा आणला असता. तिथलाच एक जण म्हणाला, भोक पडलं तर वेल्डिंग मारून देऊ. अजिबात नको. टाकीच्या टोकाची झाकणं तीस सेंटिमीटर व्यासाची आहेत. 8 बारला त्या प्रत्येक झाकणावर साडेपाच टनांहून जास्त जोर असतो, आणि एका जागी पत्रा गंजून भोक पडलं तर आजूबाजूचाही पातळ झालेला असतोच.

आता आठ महिन्यांचा हिशेब. सीझन निभावला, सगळे गणपती वेळेत गेले. पहिले पंचवीस तास चालल्यावर तेल बदललं, ते काळं होतंच. भरायला आता पाचेक मिनिटं लागतात, नव्यापेक्षा थोडी जास्त, पण मला चालतात. तिसऱ्या महिन्यात प्रेशर स्विचचे पॉइंट जळले, 480 रुपये. हे मिस्त्रींनी आधी सांगितलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, "तेव्हा चांगले होते." असतील. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर अजूनही गुरगुरते आणि उठत नाही, तेव्हा बंद करून चहा घ्यायचा. तेलाचे डाग जवळजवळ गेले, पूर्ण नाही. गनच्या आधी फिल्टर लावलाय, तो दोन दिवसांनी पुसावा लागतो.

याच काळात मेव्हण्याने ऑइल-फ्री घेतला, तोही गणपतीच रंगवतो. रंगाच्या बाबतीत त्याचा सरस, हे मान्य करावंच लागेल. हवा कोरडी नसते, पण तेलाचा थेंब नाही. उचलायलाही हलका. पण मोटर थेट पिस्टनला जोडलेली, मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे, त्यामुळे आवाज असा की पडवीत एकमेकांशी बोलता येत नाही. रात्री नऊनंतर शेजारचे आजोबा खोकून दाखवतात. माझा बेल्टचा त्या मानाने धपधप करत चालतो. फक्त चाकात हवा भरायची असेल तर मात्र माझ्यासारखं हेड उघडत बसू नका, लहान ऑइल-फ्री घ्या आणि मोकळे व्हा.

ड्रेन कॉकच्या जागी आता दांडी वळवली की उघडणारा बॉल व्हॉल्व्ह बसवलाय. जुना कॉक पान्याशिवाय फिरत नव्हता, आणि खरं तर म्हणूनच मी पाणी काढायची टाळाटाळ करायचो. आता पायानेही उघडतो. श्रावणात दिवसाला अर्धा पेला पाणी निघायचं. पहिले आठ-दहा दिवस लाल, मग पिवळट. आता हिवाळा संपताना थेंबभरच येतं, तेही जवळजवळ स्वच्छ.

बेल्टला चिरा दिसायला लागल्यात, या महिन्यात बदलायचाय. आणि पावसाआधी टाकी पुन्हा खेर्डीला न्यायची. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, त्या दिवशी दुकानदाराचा नंबर जवळ असू द्या.