चालू जनरेटरवरचे पावसाळी छत: एक पावसाळा वापरल्यानंतर

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, बडोद्याच्या मोठ्या भागात पाणी शिरले आणि सुरक्षिततेसाठी ठिकठिकाणी वीज बंद ठेवावी लागली. त्यानंतर आमच्या कारेलीबागेत अनेकांनी दोरी ओढून सुरू होणारा दोन-तीन किलोवॉटचा पेट्रोल जनरेटर घरी आणला. घेताना सगळे किलोवॉट, आवाज आणि पेट्रोलचा खप विचारतात. भर पावसात तो ठेवायचा कुठे, हे मात्र लाइट गेल्यावरच आठवते. जिन्याखाली, पार्किंगच्या बंद कोपऱ्यात किंवा गॅलरीत तो कधीही चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. दारे-खिडक्यांपासून निदान 20 फूट दूर आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला, असा जनरेटर ठेवायचा म्हटला की तो उघड्यावरच येतो. तिथे पाऊस सॉकेटमध्ये आणि अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) वायंडिंगपर्यंत, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांपर्यंत पोहोचला, तर यंत्र जळण्याची आणि माणसाला शॉक बसण्याची अशा दोन्ही भीती असतात.

यासाठी आम्ही ऑनलाइन मागवलेले छत साधारण साडेतीन हजारांना पडले. जनरेटरच्या पाइपच्या चौकटीला चार पकडी आवळायच्या, त्यांत फायबरच्या लवचीक काड्या खोवायच्या आणि वरून पीव्हीसीचा लेप दिलेले जाड कापड ताणायचे, एवढीच त्याची रचना आहे. कापड टाकीच्या बरेच वर राहते आणि चारही बाजू खालून मोकळ्या असतात. मला हे छत पसंत पडले ते याच मोकळेपणामुळे. या जनरेटरचे इंजिन हवेवर थंड होते. दोरीच्या बाजूचा पंखा हवा आत ओढतो आणि ती तापून सायलेन्सरच्या बाजूने बाहेर पडते. हा रस्ता अडला की इंजिन तापते आणि जवळचे कापड वितळू लागते. तरीही चालू जनरेटरवर ताडपत्री गुंडाळून चारही कोपऱ्यांना विटा ठेवलेल्या मी गल्लीत पाहिल्या आहेत, आणि त्या पाहून आजही जीव घाबरतो.

सरळ पडणाऱ्या पावसात छताने काम चोख केले. तासाभराच्या मुसळधार सरीनंतरही सॉकेटची पट्टी कोरडी होती. नैर्ऋत्येकडून वारा सुटला की मात्र तिरपे थेंब खालून आत येतात. सोबत मिळणारी कापडाची पुढची झडप खाली सोडली तर सॉकेटची ही पट्टी, म्हणजे पॅनेल, वाचते. ती झडप फक्त सॉकेटच्या बाजूलाच सोडावी, सायलेन्सरच्या बाजूला कदापि नाही.

दोष दोन आहेत आणि दोन्ही किरकोळ म्हणता येणार नाहीत. कापडाच्या कोपऱ्यांवरची शिवण आतून बंद केलेली नाही, त्यामुळे पाऊस फार लांबल्यावर तिथून पाणी झिरपून नेमके पॅनेलच्या कडेवर टपकू लागले. शिवणीवर आतून चिकटपट्टी लावल्यावर ते थांबले, पण एवढी किंमत घेणाऱ्याने हे काम कारखान्यातच करायला हवे होते. दुसरे म्हणजे सायलेन्सरकडची कड फार खाली येते. ती वर दुमडून बारीक तारेने काडीला बांधावी लागते, आणि माहितीपत्रकात याबद्दल एक शब्दही नाही. शिवाय हे छत फक्त उघड्या चौकटीच्या जनरेटरसाठी आहे. सूटकेससारख्या बंद इन्व्हर्टर जनरेटरला पकडी बसवायला पाइपच नसतो.

बंद यंत्र झाकण्याचे पिशवीसारखे कव्हर ही वेगळी वस्तू आहे आणि तीही घ्यावी. पण ते यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच घालावे आणि त्याला हवेच्या जाळ्या असाव्यात, नाहीतर आत दमट हवा कोंडून लोखंडाला गंज चढतो. जनरेटर महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल, तर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातले) पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे; हल्लीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पावसाळी हवेत ते कार्ब्युरेटरला फार बाधते.

छत वरचे पाणी अडवते, खालचे नाही. जनरेटर विटांच्या किंवा सिमेंटच्या पक्क्या ओट्यावरच असावा आणि अंगणात पाणी साचू लागले की तो बंद करावा. ओल्या हातांनी प्लगला हात लावू नये. पेट्रोल भरायचे तर इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन. छत आहे म्हणून चालू यंत्रात भरण्याचा मोह आवरावा.

एकूण पाहता उघड्या चौकटीचा जनरेटर असणाऱ्यांनी हे छत अवश्य घ्यावे. मागवण्याआधी चौकटीच्या पाइपची जाडी मोजून पकडीच्या मापाशी ताडून पाहावी आणि चिकटपट्टी आधीच आणून ठेवावी. घराकडे जाणारी केबल सॉकेटमधून निघाल्यावर आधी खाली झोळ देऊन मगच वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून जाते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.